टॉवर कोठे उभा राहणार, हे ठरवणार कोण?

कापसाचा हमीभाव दिल्लीत ठरतो, हे आपल्याला पाठ आहे. तो भाव पदरात पडायचा की नाही, हे मात्र आता वावरातल्या रेंजवर ठरू लागले आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे आयात शुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबर अखेरपर्यंत लांबवली. बाजार पडला. मग शेतकऱ्याला उरला सीसीआयचा काटा, आणि त्या काट्यापर्यंत जाण्याची वाट त्या वर्षी ‘कपास किसान’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपमधून काढण्यात आली. त्याआधी १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाचा पेरा नोंदवण्यासाठी ई-पीक पाहणी आली. तिच्यासाठी वावरात उभे राहून फोटो काढायचा आणि तो चढवायला रेंज शोधत फिरायचे. पीएम किसानची ई-केवायसी आली. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर सक्तीची झाली.

रस्ता नसला तर बंडी चिखलातून ओढून नेता येते. एखादी जोडी जास्तीची लावता येते. रेंज नसली तर माणूस कितीही राबला तरी काम पुढे सरकत नाही. पंचवीस किलोमीटरवरच्या सेतू केंद्रात एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे घालून यावे लागते, आणि तेथे ‘सर्व्हर डाऊन’ असेल तर दुसरा दिवस. हा खर्च कृषिमूल्य आयोगाच्या उत्पादन खर्चात कोठेही धरलेला नाही. तो शेतकऱ्याच्या अंगावरच पडतो.

म्हणून या वेळी हे पान भाव, कर्ज आणि वीज या नेहमीच्या विषयांऐवजी टेलिफोनच्या टॉवरला आणि केबलला दिले आहे. उदाहरण अर्जुनी मोरगाव तालुक्याचे घेतले आहे. हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा तालुका. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखाशी त्याचे पीक जुळत नाही. पण दुखणे एकच आहे आणि येथे ते अधिक उघडे दिसते.

यादीतले गाव आणि जमिनीवरचे गाव

गावांना टेलिफोन देण्याची वचने जुनी आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व गावांत टेलिफोन पोचवण्याचे ठरवले होते. ते झाले नाही म्हणून १९९९ च्या धोरणाने मुदत २००२ केली. २००२ पासून टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातील ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीसाठी कापली जाऊ लागली. या निधीचे नाव आता डिजिटल भारत निधी आहे. कंपनीचा महसूल म्हणजे गिऱ्हाइकाचे रिचार्ज. तेव्हा या निधीत शेतकऱ्याचाही पैसा आहे. गावात टॉवर आला तर तो उपकार नाही, आपल्याच पैशातले आपले येणे आहे.

हा निधी कोठे खर्च होतो? १७ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने महाराष्ट्रासह पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांना ४जी देण्यासाठी ६,४६६ कोटी रुपये मंजूर केले. महाराष्ट्राचे आकांक्षित जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. अर्जुनी मोरगाव तालुक्याची दक्षिण सीमा गडचिरोली जिल्ह्याला लागून आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच जंगल, त्याच टेकड्या, तीच माणसे, सोयरीकही एकमेकांत. पण एक बाजू यादीत आहे आणि दुसरी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले, तेव्हाही नावे आली ती याच चार जिल्ह्यांची. रेडिओलहरीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. ती सरकारी यादीला मात्र फार चांगली कळते.

२७ जुलै २०२२ रोजी देशभरातल्या २४,६८० वंचित गावांसाठी २६,३१६ कोटींची ४जी योजना मंजूर झाली. ही योजना जिल्ह्यापुरती बांधलेली नाही, हे चांगले. पण तिच्यातही प्रश्न उरतो की वंचित गाव म्हणायचे कोणाला? सरकारी कागदावर एकक असते महसुली गाव. जनगणनेत नंबर असतो तो गावाला. टोल्याला, रिठाला, जंगलाच्या कडेच्या दहा-पंधरा घरांना स्वतंत्र नंबर नसतो. गावठाणात कोपऱ्यावरच्या ओट्यावर एक दांडी दिसली की अख्खे गाव रेंजमध्ये जमा धरले जाण्याची वाट मोकळी होते, टोला मात्र अंधारात राहतो. आपले वावर तर कोणत्याच हिशोबात नाही, आणि ई-पीक पाहणी करायची आहे वावरातच.

हा घोळ मिटवायचा तर सरकारपुढे ‘आमच्या गावात रेंज नाही’ असे निवेदन देऊन भागत नाही. असली निवेदने तहसीलमध्ये गठ्ठ्याने पडलेली असतात. कोणत्या टोल्यावर, किती घरांना, कोणत्या कंपनीची, कोणत्या महिन्यात, किती रेंज मिळते आणि जवळची केबल तेथून किती लांब आहे, हे एका कागदावर मांडून दाखवावे लागते. तो कागद म्हणजे नकाशा.

पाणलोट उलटा वाचा

कोरडवाहू शेतकऱ्याला नकाशाची भीती वाटण्याचे कारण नाही. माथा ते पायथा हे आपल्याला समजते. पाणी कोठून येते, कोठे अडते, बांध कोठे घालायचा, हे समपातळी रेषा सांगतात. रेडिओलहरीचा नकाशा म्हणजे तोच पाणलोट उलटा वाचायचा. पाणी पायथ्याला जमते. रेंज माथ्यावर असते आणि पायथ्याची सावली तिला सापडत नाही. नाल्याकाठचा टोला पाण्याला जवळ असतो आणि टॉवरला दूर.

याचा हिशोबही मांडता येतो. समजा ग्रामपंचायतीत केबल आली आहे आणि तेथून ६ किलोमीटरवरच्या टोल्यावर ५.८ गिगाहर्ट्झच्या बिनतारी यंत्राने जोडणी न्यायची आहे. दोन टोकांना एकमेकांची सरळ नजर पडली पाहिजे, आणि नुसती नजर पुरत नाही. लहरीला मधोमध सुमारे ९ मीटर त्रिज्येचा मोकळा पट्टा लागतो. त्यातला ६० टक्के, म्हणजे साधारण सव्वापाच मीटर, तरी मोकळा हवा. पृथ्वीच्या गोलाईसाठी आणखी अर्धा मीटर धरा. मध्ये १५ मीटर उंचीचे ऐन, मोह, सागाचे जंगल असेल तर सपाट जमिनीवर ही रेषा मध्यावर २१ मीटर उंच असली पाहिजे. म्हणजे दोन्ही टोकांना २१ मीटरचे खांब. पण एका टोकाजवळ २० मीटर उंचीची टेकडी असेल तर तिच्यावर ६ मीटरचा साधा पाइप आणि दुसऱ्या टोकाला १६ मीटरचा खांब एवढ्यावर काम होते. ती टेकडी कोठे आहे हे नागपूर-मुंबईच्या टेबलावर बसलेल्याला शोधावे लागते. गुराख्याला ते आधीच माहीत असते.

उंचीची माहिती आता फुकट मिळते. अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती ३० मीटरच्या चौकटीत सर्वांना खुली आहे. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाची, जो मे २००५ मध्ये सोडला गेला, उंचीची माहिती ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी काढण्याची अट उठवली. पूर्वी नकाशा हा सरकारी गुपिताचा विषय होता. तो दरवाजा उघडला आहे.

पण यंत्राच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नये. आकाशातून मोजलेली उंची जंगलात पुष्कळदा जमिनीची नसून झाडांच्या शेंड्यांकडे झुकलेली असते. नवेगावबांध परिसरातल्या दाट जंगलात हा फरक काही मीटरांचा होतो, आणि काही मीटरांवरच तर आपला खांब उभा आहे. दुसरी गोष्ट, हे जंगल पानगळीचे. एप्रिल-मे मध्ये पाहणी केली तर झाडे उघडी असतात आणि रेंज बरी दिसते. ऑगस्टमध्ये पाने भरली, ओली झाली की तीच जोडणी मान टाकते. पेरा नोंदवण्याचे दिवस नेमके तेच. म्हणून पाहणी पावसाळ्यातही झाली पाहिजे. हे अर्जुनीतल्या माणसाला सुचेल, कंत्राटदाराला मार्चअखेरचे बिल सुचते.

पालघर आणि वारणा

हे सगळे हवेतले बोलणे नाही. महाराष्ट्रातच त्याचे प्रयोग झाले आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राम मार्ग’ या नावाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत बिनतारी जोडणीचे काम केले. त्यांच्या कामाची सुरुवात नकाशातूनच झाली. दूरदर्शनच्या प्रक्षेपकांच्या जागा, त्यांच्या मनोऱ्यांची उंची आणि ताकद ही माहिती घेऊन त्यांनी हिशोब केला की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या टीव्हीच्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळपास सगळीकडे मोकळ्या पडल्या आहेत. हा हिशोब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. या पट्ट्याच्या लहरी झाडांमधून आणि टेकडीला वळसा घालून ५.८ गिगाहर्ट्झपेक्षा कितीतरी चांगल्या जातात. पालघरच्या खामलोली परिसरातल्या वस्त्यांवर त्यांनी प्रायोगिक परवान्याने त्या वापरून पाहिल्या. पुढे सुमारे पंचवीस गावांत परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झवर जोडणी नेली आणि ती चालवण्यासाठी गावातल्याच तरुणांना उभे केले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, माहिती असेल तर पडीक असलेली वस्तू दिसते. लहरीही पडीक राहतात, जशी जमीन राहते. दोन, जंगलाच्या मुलखाला उपयोगी पडणाऱ्या या पडीक लहरी गावांना परवान्याशिवाय वापरता आल्या पाहिजेत, ही मागणी आपण ठामपणे केली पाहिजे. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य म्हणजे बियाण्याचे स्वातंत्र्य एवढाच त्याचा अर्थ नाही.

वारणेचा धडा वेगळा आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत वारणानगरच्या सहकारी साखर संस्थेच्या आधाराने संगणक केंद्रे जोडली गेली. त्या वेळी ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून देशभर त्याचे कौतुक झाले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिले तेव्हा केंद्रांचा खरा उपयोग उसाच्या नोंदी, वजन आणि हिशोब एवढ्यापुरता उरला होता, आणि तेवढे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर त्यांनी काही गावांत करून दाखवले. म्हणजे यंत्र आधी आणि गरज मागून, असा क्रम ठेवला की महागडी पेटी भिंतीवर राहते. नकाशावर आधी गरज मांडायची. रेशन दुकान, शाळा, खरेदी केंद्र, दवाखाना, सोसायटी, जिनिंगचा काटा, अंगणवाडी. मग त्यांना जोडणारी रेषा काढायची.

गावाचा नकाशा गावाने करावा

विदर्भातल्या अनेक ग्रामसभांनी हे काम एकदा केलेले आहे. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर सामूहिक दाव्यांसाठी बाया-माणसे जीपीएस यंत्र हातात घेऊन जंगलाची सीमा चालली आणि नकाशा केला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. जी माणसे हद्दीचा दगड शोधू शकतात ती रेंजचा दगडही शोधतील.

काम असे करावे.

पहिले, पायाचा नकाशा. भूमी अभिलेखचा गाव नकाशा घ्या. एप्रिल २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर तोही घ्या. त्यावर प्रत्येक टोला, घरांची संख्या, विहिरी, पायवाटा, तळी आणि टेकड्या मांडा. म्हाताऱ्या माणसांना आणि सरपण-मोहफुलासाठी जंगलात जाणाऱ्या बायांना सोबत बसवा. त्यांना माहीत असलेली उंच जागा कोणत्याही कागदावर नसते.

दुसरे, रेंजची मोजणी. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेले दोन-तीन फोन घेऊन ठरलेल्या जागांवर सकाळी, दुपारी, रात्री जा. दांड्या मोजू नका, त्या फसव्या असतात. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा उणे चिन्हाने दिसतो. उणे ९० च्या आसपास असेल तर काम चालते; उणे ११० च्या खाली गेला की फोटो चढत नाही. आकडा, जागा, तारीख, वेळ वहीत लिहा. उन्हाळ्यात एकदा आणि श्रावणात एकदा.

तिसरे, आहे ते काय आहे. जवळ कोणते टॉवर आहेत हे ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर २०१७ पासून पाहता येते. २०२४ च्या ट्रायच्या नियमांनी कंपन्यांना आपली सेवा कोठवर पोचते याचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. कंपनीचा तो नकाशा काढा आणि त्यावर गावाच्या वहीतले आकडे ठेवा. कंपनी जेथे रंग भरते तेथे आपल्या वहीत उणे ११५ असेल, तर भांडण करायला दुसरा पुरावा लागत नाही. भारतनेटची केबल कोठून आली आहे, वीज कोणत्या फीडरवर आहे, अर्जुनी स्थानकावरून जाणारी गोंदिया-बल्लारशा रेल्वे किती दूर आहे, हेही मांडा.

चौथे, सुटलेली घरे मोजा आणि क्रम लावा. कोणत्या एका जागेवर खांब उभा केला तर जास्तीत जास्त टोले रेंजमध्ये येतील? दोन-तीन जागा निवडून प्रत्यक्ष पाहा. रात्री एका टोकाला बॅटरी दाखवून दुसऱ्या टोकाहून ती दिसते का, ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

मागणी कोठे ठेवायची

असा नकाशा झाला की त्याला कायद्याचा आणि योजनेचा आधार आहे. २०११ मध्ये सुरू झालेली आणि पुढे भारतनेट झालेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत केबल नेण्याची होती. केबल तालुक्यापासून सरळ रेषेत गेली. मध्ये कोठे जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावे तुटली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत १,३९,५७९ कोटी रुपये आहेत, केबल वर्तुळात फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालेल. आणि ग्रामपंचायत नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना ‘मागणीनुसार’ केबल द्यायची आहे. हा शब्द नीट वाचा. जो मागेल त्याला मिळेल. जो मागणार नाही त्याचे नाव खाली राहील. गट ग्रामपंचायतीतल्या लहान गावांनी ठराव करून नकाशासह मागणी आजच करावी.

जंगल आडवे येते असे साहेब सांगतील. त्यांना वनहक्क कायद्याचे कलम ३(२) दाखवा. गावाच्या सोयीसाठी टेलिफोनच्या तारा नेण्यास एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने, जागा देता येते. शिफारस ग्रामसभेची असते, हे विसरू नका. रेषा कोठून न्यायची म्हणजे झाडे कमी जातील, हेही ग्रामसभेनेच नकाशावर दाखवावे.

केबल ग्रामपंचायतीत आली तरी ती घरापर्यंत नेण्याचे काम उरते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार, बचत गट किंवा सोसायटी परवाना आणि शुल्क न भरता वायफाय देऊ शकते. बचत गटांनी याचा विचार करावा. पण हिशोब आधी करावा. बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागते, वीज पडते, माकडे तारा तोडतात, आणि दुरुस्तीला येणारा माणूस गावातला नसला तर दिवा बंद राहतो. महिन्याचा खर्च किती घरे उचलणार, हे ठरल्याशिवाय खांब उभा करू नये.

तळ्यांनी शिकवलेले

अर्जुनी मोरगावला हे कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. नवेगावबांधसारखी तळी या मुलखात कोहळी शेतकऱ्यांनी बांधली. त्यांच्यापाशी उपग्रह नव्हता. उताराची नजर होती. एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्याला मिळेल अशी माळ त्यांनी ओवली आणि पाळीची डागडुजी गावाने ठेवली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तळी सरकारजमा झाली, गावाचा हात सुटला आणि पुष्कळ तळी गाळाने भरली. आखणी गावाची आणि देखभाल गावाची होती तोवर तळे जिवंत राहिले.

टॉवर आणि केबल सरकारच्या निधीतून येऊ दे, कंपनीच्या गुंतवणुकीतून येऊ दे. कंपन्यांशी आपले वैर नाही. स्पर्धा आली म्हणून तर टेलिफोन स्वस्त झाला. पण ज्याच्या हातात नकाशा असतो तो जागा ठरवतो, आणि ज्याने जागा ठरवली त्याने कोणाला जोडायचे आणि कोणाला सोडायचे हेही ठरवलेले असते. आजवर तो नकाशा इंडियाच्या हातात होता. भारताच्या वाट्याला यादीतला अनुक्रमांक आला.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. तीत टोल्यांची नावे, घरांची संख्या आणि तीन वेळचे रेंजचे आकडे एवढे असले तरी पुरे. कापसाच्या गावांनी आणावी, धानाच्या गावांनीही आणावी. सगळ्या वह्या एका कागदावर मांडू आणि तो कागद घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात जाऊ. तेव्हा यादीत नाव का नाही, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागणार नाही. ते त्यांना द्यावे लागेल.